मधुमेहाची शिकवणी, स्पॅनिशमध्ये

मधुमेहाच्या रुग्णाला शिकवावं लागतं, हे वैद्यकाला इन्सुलिनच्याही आधी कळलं होतं. बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी रुग्णांनी वाचावं म्हणून पुस्तक काढलं ते १९१८ मध्ये. इन्सुलिन आलं १९२१-२२ मध्ये. ते आल्यावर तर शिकवण्याला पर्यायच उरला नाही. डोस किती घ्यायचा, जेवण चुकलं तर काय, साखर एकदम उतरली तर काय, हे सगळं घरच्या घरी ठरवावं लागतं. जॉस्लिन यांच्या परिचारिका त्यासाठी रुग्णांच्या घरी जाऊन शिकवत.

पण हे शिक्षण कुणासाठी होतं? १९५० मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह आणि आहारतज्ज्ञांच्या संघटनांनी सरकारी आरोग्यसेवेच्या मदतीने पदार्थांच्या अदलाबदलीच्या याद्या छापल्या. ब्रेडच्या एका स्लाइसऐवजी काय चालेल, एक कप दुधाऐवजी काय, अशी ती पद्धत. पद्धत चांगली होती, आणि आजही तिच्या पोटातून निघालेले तक्ते जगभर वापरात आहेत. मात्र ती वापरायला इंग्रजी वाचता यायला हवं, मापं हाताशी हवीत आणि दोन वेळचं जेवण ठरलेलं हवं. त्याच काळात शेतमजुरीच्या सरकारी करारांवर मेक्सिकोतून माणसं येत होती. १९४२ ते १९६४ या काळात असे सुमारे ४६ लाख करार झाले. या मजुरांच्या पानात ब्रेडपेक्षा टॉर्तिया आणि राजम्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे असत. फिरत्या शेतमजुरांच्या दवाखान्यांना केंद्र सरकारने कायद्याने पैसे द्यायला सुरुवात केली ती १९६२ मध्ये. तिथेही भर होता तो लसी, जखमा आणि बाळंतपणांवर. मधुमेह हा तेव्हा खात्यापित्या घरचा आजार समजला जाई.

तो समज १९८२-८४ च्या राष्ट्रीय पाहणीने मोडला. मेक्सिकन आणि पोर्तोरिकन वंशाच्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण गोऱ्यांच्या दोन ते तीन पट निघालं. गरिबांना शिकवून फरक पडतो, हे लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक रुग्णालयाने दशकभर आधीच दाखवलं होतं. तिथे फोनवर सल्ला आणि रुग्णशिक्षण सुरू केल्यावर मधुमेही कोमाचे रुग्ण दोन तृतीयांशांनी घटले, असा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिकवणार कोण, या प्रश्नाचं उत्तर मात्र दक्षिणेकडून आलं. लॅटिन अमेरिकेत गावातल्याच बाईला आरोग्याचं प्रशिक्षण द्यायची परंपरा आहे. तिला प्रोमोतोरा म्हणतात. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये हाच रस्ता धरला होता, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. सीमेपलीकडून आलेल्या कुटुंबांबरोबर प्रोमोतोराही अमेरिकेच्या वस्त्यांत आली. सान दिएगोमध्ये १९९७ च्या सुमारास ‘प्रोजेक्ट दुल्से’ सुरू झाला. त्यात औषधोपचाराचा पाठपुरावा परिचारिका करत आणि वर्ग स्वतः मधुमेह असलेल्या, शेजारपाजारच्या शिक्षिका घेत.

सर्वांत बारकाईने तपासला गेलेला प्रयोग टेक्सासच्या स्टार काउंटीतला. रिओ ग्रँड नदीकाठचा हा भाग, पलीकडे मेक्सिको. रहिवासी जवळपास सगळे मेक्सिकन वंशाचे आणि गरिबी पाचवीला पुजलेली. १९८० च्या दशकापासून इथे क्रेग हॅनिस आणि सहकारी मधुमेहाच्या आनुवंशिकतेवर काम करत होते. नर्सिंगच्या प्राध्यापक शॅरन ब्राउन यांनी तिथेच शिकवणी उभी केली. २५६ जण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला वर्षभरात ५२ तास मिळाले: आधी तीन महिने दर आठवड्याला वर्ग, मग सहा महिने पंधरवड्याने एकत्र बसणं. शिकवणारे दोन्ही भाषा बोलणारे, तिथल्याच वंशाचे. प्रत्येकाने घरचं एक माणूस सोबत आणायचं, कारण पातेल्यात तेल किती पडणार हे बहुधा रुग्ण ठरवत नाही. चित्रफिती काउंटीतच चित्रित केलेल्या. सहा महिन्यांनी शिकलेल्या गटाची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, दुसऱ्या गटापेक्षा १.४ ने कमी भरली. ही घट लहान नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीनुसार ही सरासरी एका अंकाने उतरली की डोळे आणि मूत्रपिंडांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका ३७ टक्क्यांनी घटलेला दिसतो. तरीही स्टार काउंटीतला शिकलेला गट दहाच्या वरच होता. सातच्या खाली आणायची असते, म्हणजे सुरुवात किती वाईट होती ते कळावं.

वर्गांत साखरेइतकंच बोलणं समजुतींवर व्हावं लागे. मोठा धक्का किंवा भीती बसली की मधुमेह होतो, असं अनेक मेक्सिकन कुटुंबं मानतात. इन्सुलिनने आंधळेपण येतं, हीसुद्धा अशीच पक्की समजूत. ती वेडगळ म्हणून झटकता येत नाही. इन्सुलिन फार उशिरा सुरू होतं, तोवर डोळा बिघडलेला असतो. शेजाऱ्यांना दिसतं ते एवढंच की सुई आली आणि नजर गेली. ‘एकदा इन्सुलिन लागलं की संपलं’ हे आपल्या गावांतही ऐकू येतं, आणि त्यामागचं गणितही तेच.

स्टॅनफर्डच्या केट लोरिग यांनी स्पॅनिशमध्ये चालवलेल्या, रुग्णांनीच रुग्णांना शिकवायच्या वर्गांत सहा महिन्यांनी एचबीएवनसी ०.४ ने उतरली. मॅसॅच्युसेट्समध्ये कॅरिबियन बेटांकडच्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, रुग्णांसाठी टीव्ही मालिकेच्या धर्तीवर गोष्ट रचून शिकवलं. चार महिन्यांनी फरक ठळक होता, वर्षाने मात्र तो सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही. शिकवणी थांबली की साखर परत चढू लागते, हा अनुभव या क्षेत्रात पुन्हा पुन्हा आला. ब्राउन यांनी २००५ मध्ये ५२ तासांच्या जोडीला २२ तासांचा आटोपशीर वर्गही तपासला. दोन्हींचा उपयोग झाला, पण जे जास्त तास आले त्यांची साखर जास्त उतरली.

आता पैशांकडे. ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, या शिक्षणाचे पैसे द्यावेत असं १९९७ च्या कायद्याने ठरलं. मिळतात पहिल्या वर्षी १० तास, पुढे दरसाल २, तेही डॉक्टरने लिहून दिलं तर. खाजगी विमा असलेल्यांतही निदानानंतर वर्षभरात वर्गाला गेलेले २०११-१२ मध्ये फक्त ६.८ टक्के निघाले. कागदपत्रं नसलेल्या शेतमजुराला यातलं काहीच लागू नाही. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानेही त्याला बाहेरच ठेवलं. त्याला वर्ग मिळतो तो वस्तीतल्या आरोग्यकेंद्रात, अनुदानावर. अनुदान ठरावीक वर्षांचं असतं आणि प्रोमोतोराचा पगार बहुधा त्यातूनच निघतो. त्यामुळे प्रकल्प संपला की वस्तीला नावानिशी ओळखणारी तीच बाई दुसरी नोकरी शोधू लागते.