गोव्यातली कॉलेजं: आधी बस, मग तास

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा इथे बी. ए., बी. एस्सी. करायची सोयच नव्हती. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची एश्कोला (पोर्तुगीज शाळा) होती, १८५४ पासून लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय होतं. बाकी पदवी हवी तर मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड गाठायचं. ऐपत असली तर लिस्बन.

पहिली दोन कॉलेजं १९६२ साली निघाली: पणजीत धेंपे, मडगावात चौगुले. दोन्हींमागे खाण उद्योगातली घराणी. मग म्हापशाला सेंट झेवियर्स (१९६३) आणि नुव्याला मुलींचं कार्मेल (१९६४). या यादीत सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे हे आडबाजूचे तालुके कुठेच नाहीत. कॉलेजं शहराकडे आणि मुलं गावात, अशी घडी तेव्हाच बसली आणि गोव्यातला विद्यार्थी रोज येऊन-जाऊन शिकणारा झाला. सरकारी कॉलेजं साखळी, केपे इथे पोचायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली. खांडोळा आणि पेडण्याची पाळी त्याहून उशिरा आली.

विद्यापीठ तर कॉलेजांच्या २३ वर्षं मागून आलं. तोवर सगळी संलग्नता मुंबई विद्यापीठाची. त्याचं पदव्युत्तर केंद्र १९६५ साली पणजीत सुरू झालं. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ चा, प्रत्यक्ष कारभार १ जून १९८५ पासून. याचा कागदोपत्री परिणाम अजून भोगावा लागतो: जुन्या पदवीची पडताळणी हवी असेल तर आधी पदवीपत्रावर विद्यापीठ कोणतं छापलंय ते बघावं. मुंबईचं असेल तर ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, अर्ज देऊन काही होत नाही, मुंबईलाच लिहावं लागतं.

प्रवासाचा इतिहास हा इथल्या विद्यार्थी जीवनाचाच इतिहास. १९८३ साली झुआरी पूल होईपर्यंत मडगावहून पणजीला यायचं म्हणजे कुठ्ठाळीला उतरून फेरीबोटीने आगशी. जुलै १९८६ मध्ये मांडवीचा पूल कोसळला आणि मांडवीपलीकडच्या बार्देशकरांच्या नशिबी पुन्हा बेतीची फेरी आली. विद्यार्थ्यांचं सगळ्यात गाजलेलं आंदोलनही फीचं नव्हे, बसचं: १९७८-७९ मधलं निम्म्या तिकिटाचं. कदंब हे सरकारी बस महामंडळ त्यानंतरचं, १९८० चं.

बस आजही अभ्यासक्रमात डोकावते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला ४० क्रेडिट्स, तीन वर्षांना १२०, चौथं वर्ष केलं तर १६० असा हिशेब घालून दिला. लेखी विषयाच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला ३०. म्हणजे चार क्रेडिट्सच्या लेखी पेपरला ६० तास: आठवड्याला चार, १५ आठवडे. हजेरी ७५ टक्के, म्हणजे ४५ तास बसायलाच हवं.

आता समजा त्या विषयाचा एक तास सोमवारी सकाळी पहिलाच लागलाय आणि गावाहून निघणारी बस तो गाठून देत नाही. दर सोमवारी एक याप्रमाणे सत्रात १५ तास गेले. उरले बरोबर ४५. अजून काठावर पास. पण पावसात दोन दिवस ताप आला, की नाव कमी हजेरीच्या यादीत. वर्गात मन लागत नाही म्हणून नव्हे. म्हणून जूनमध्ये वेळापत्रक हातात पडताच पहिल्या तासाला कोणता विषय किती वेळा येतो ते आधी मोजावं, आणि बस नसेल तर तेव्हाच विभागप्रमुखांना सांगावं. ऑक्टोबरात यादी लागल्यावर वेळापत्रक कोणी बदलत नाही.