दोऱ्याची खूण

जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा शंख. आतली गोगलगाय इतकी चिमुकली की पोट भरण्यासाठी ती गोळा करायच्या फंदात कुणी पडणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या थरांत एकाच जातीचे असे ४० हून अधिक शंख मिळाले. ही गोगलगाय खाडीच्या पाण्यात वाढते आणि गुहेपासून खाडी होती सुमारे २० किलोमीटरवर. म्हणजे शंख कुणीतरी वेचून, निवडून आणले होते.

शंखाला भोक आहे एवढ्यावरून तो मणी ठरत नाही. लाटांबरोबर वाळूत घासूनही भोक पडतं, आणि काही शिकारी गोगलगायी दुसऱ्याच्या शंखाला पोखरून छान गोल भोक पाडतात. म्हणून संशोधक भोकाची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ब्लॉम्बोसच्या शंखांना तोंडातून हाडाची टोकदार अणी आत घालून वेज पाडलेलं दिसतं. ताज्या शंखांवर तसंच करून पाहिलं तर भोकं तशीच पडतात. त्याहून बोलकी आहे ती झीज. शंखाचा काठ जिथे दोऱ्याला किंवा शेजारच्या शंखाला टेकत असे, तिथेच तो गुळगुळीत झाला आहे. काही शंखांत गेरूचे कणही मिळाले.

दोरा कधीच कुजून गेला. पण झिजेच्या जागांवरून माळ कशी ओवली होती हे ताडता येतं, आणि मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. खालच्या, म्हणजे जुन्या थरांतले शंख दोऱ्यावर मोकळे लोंबत होते. वरच्या थरांत ते दोन-दोन करून गाठीत बांधलेले. शंख तोच, गुहा तीच, पण ओवण्याची तऱ्हा बदलली! दागिन्यांची रीत बदलल्याचा इतका जुना माग दुसरीकडे क्वचितच लागतो.

मोरोक्कोतल्या बिझमून गुहेतले ३३ शंखमणी याहूनही जुने, १ लाख ४२ हजार ते १ लाख ५० हजार वर्षांपूर्वीचे. आणि ही हौस एकट्या आपल्या जातीची नव्हती. क्रोएशियात क्रापिना इथे निअँडरथल माणसांच्या अवशेषांसोबत गरुडाची ८ नखं सापडली होती. ती सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीची असून त्यांवर कापल्याच्या आणि घासल्याच्या खुणा आहेत.

दागिना ऊब देत नाही, शिकारीला उपयोगी पडत नाही. तो पाहणाऱ्यासाठी असतो. घरच्या माणसांना आपण कोण हे सांगावं लागत नाही. लांबून येणाऱ्या, फारशी ओळख नसलेल्या माणसाला ते माळेवरून कळतं. पुढे यावर किती कष्ट ओतले गेले पाहा. रशियात सुंगीर इथे सुमारे ३४,००० वर्षांपूर्वी दोन मुलांना डोक्याला डोकं लावून पुरलं, तेव्हा त्यांच्या अंगावर मॅमथच्या सुळ्यापासून केलेले १०,००० हून अधिक मणी होते. करून पाहणाऱ्यांच्या अंदाजाने एका मण्याला तासभर तरी लागतो. दोन लेकरांसाठी इतके तास!

एवढं सगळं कळलं तरी तो दागिना घालणारं माणूस मात्र हाती लागत नव्हतं. २०२३ मध्ये तेही जमलं. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत हरणाच्या दाताचं एक पदक मिळालं होतं. दात सच्छिद्र असतो, घाम आणि त्वचेचे कण त्यात मुरतात. लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी तो न कापता, न कोरता फॉस्फेटच्या द्रावणात बुडवला आणि तापमान टप्प्याटप्प्याने ९० अंशांपर्यंत नेलं. द्रावणात उतरलेल्या डीएनएमध्ये हरणाबरोबर माणसाचाही अंश निघाला: १९,००० ते २५,००० वर्षांपूर्वीची एक स्त्री. पदक तिनेच घडवलं की नुसतं घातलं, हे डीएनए सांगत नाही. दात मात्र द्रावणातून जसाच्या तसा बाहेर आला, वरच्या भोकासकट.