त्सो मोरिरीचा मोकळा दिवस : लडाख सहलीतल्या आमच्या पाहुण्यांसाठी

कार्यक्रमपत्रिका हातात पडली की बहुतेकांची नजर त्सो मोरिरी तळ्याकाठच्या कोरझोक गावातल्या दुसऱ्या दिवसावर अडते. तिथे फक्त ‘सकाळी तळ्याकाठी फेरफटका, दुपारी विश्रांती, संध्याकाळी हवं तर पुन्हा काठावर’ एवढंच लिहिलेलं असतं. मग विचारणा होते, की त्या दिवशी आणखी एखादं ठिकाण बसवता येईल का. बसवता येतं, पण आम्ही बसवत नाही. का, ते या पत्रकात सांगतो.

पहिलं कारण उंचीचं. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि त्सो मोरिरी ४,५०० मीटरच्या थोडं वर. हवेत ऑक्सिजनचा वाटा वरही तेवढाच असतो, पण हवेचा दाब उतरलेला असतो. त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे. लेहहून थेट कोरझोक गाठलं तर ही उडी हजार मीटरची होते. म्हणून आपण लेह-नुब्रा आधी करतो, वाटेत सिंधूकाठच्या चुमाथांगला एक रात्र काढतो, आणि मग वर जातो. वर पोचल्यावरही शरीराला एक दिवस उसंत द्यावी लागते.

घरी ९७ दाखवणारं ऑक्सिमीटर इथे ८०-८५ दाखवेल. त्याने घाबरून जाऊ नका. आकड्यापेक्षा लक्षणांकडे लक्ष द्या. डोकं दुखणं, मळमळणं, जेवण नकोसं होणं ही सुरुवात असते, आणि ती आमच्या सहल व्यवस्थापकाला लगेच सांगायची. ‘उगीच सगळ्यांचा खोळंबा कशाला’ म्हणून गप्प बसणारी मंडळीच आम्हाला जास्त काळजीत टाकतात. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर मग चर्चा नाही : गाडी काढून त्या माणसाला खाली नेलं जातं, रात्र असली तरी. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगा. वरच्या मुक्कामात दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत.

दुसरं कारण जास्त गोड आहे. तळ्याकाठचे प्राणी-पक्षी घाईत दिसत नाहीत.

त्सो मोरिरी हे चांगथांग पठारावरचं, २५ किलोमीटरहून लांब पसरलेलं मचूळ पाण्याचं तळं. डोंगरातले ओढे त्यात येतात, पण पाणी बाहेर पडायला वाट नाही. २००२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तळं विस्तीर्ण असलं तरी जीवसृष्टीची दाटी सगळीकडे सारखी नसते. ओढे जिथे तळ्याला मिळतात तिथे ओलसर, बुटक्या गवताची कुरणं तयार होतात, आणि खरी गंमत तिथेच असते. आपली सकाळची फेरी याच कुरणांच्या कडेने जाते. चाल सपाटीची आहे आणि वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. बोलता बोलता धाप लागली तर समजा, आपण फार भरभर चालतोय.

सर्वांत खात्रीने दिसणारा पक्षी म्हणजे पट्टकादंब. राखाडी अंगाचा हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. तुमच्यापैकी कुणी हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाणथळीत गेलं असेल, तर हा तिथे पाहिलेला असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे तो पाहुणा असतो; त्याचं माहेर इथलं आणि तिबेट-मंगोलियाकडचं. हिमालय ओलांडताना यांच्यातले काही सात हजार मीटरच्या वर गेल्याची नोंद अंगावर बसवलेल्या यंत्रांनी केलेली आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही ऑक्सिजन पकडतं. वर सांगितलेला ऑक्सिमीटर-प्रकार त्यांना लागू नाही!

जून-जुलैत आलात तर पिल्लं दिसतील. पिवळसर लोकरीचे गोळे, एका ओळीत, पुढे एक मोठा पक्षी आणि मागे दुसरा. नेमक्या याच दिवसांत मोठ्या पक्ष्यांची उडायची पिसं एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. आपण जवळ गेलो तर ते पळून पाण्यात शिरतात, आणि पिल्लांची फाटाफूट होते. म्हणून आमचे वाटाडे ‘इथेच थांबा’ म्हणाले की थांबायचं. फोटो लहान आला तरी चालेल.

चक्रवाकही भरपूर, नारिंगी रंगाचे आणि जोडीजोडीने हिंडणारे. पाण्यावर तुरेवाल्या पाणडुब्या आणि तपकिरी डोक्याचे कुरव. काळ्या मानेचा क्रौंच मात्र नशिबाचा भाग आहे. हा २०२१ पासून लडाखचा अधिकृत राज्यपक्षी, आणि भारतात त्याची वीण फक्त लडाखमध्येच होते. जोड्या मोजक्या आहेत, त्यामुळे आम्ही तो दाखवायचं वचन देत नाही. दिसलाच तर दुर्बीण हातोहात फिरवा. पुढे सरकू नका.

कुरणाच्या वरच्या उतारावर मार्मोट असतात. मांजरापेक्षा मोठा, जाडजूड, पिवळट तपकिरी प्राणी, बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा. कर्कश शिट्टी ऐकू आली तर समजा, त्याने आपल्याला आधीच पाहिलंय. शिट्टी वाजली की जागच्या जागी खाली बसायचं आणि वाट पाहायची. आधी नाक, मग डोकं, मग अर्धं अंग बाहेर येतं. वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ हे प्राणी बिळात झोपून काढतात, आणि त्यासाठी लागणारी सगळी चरबी या थोड्या महिन्यांत गवतावर कमवावी लागते. म्हणून त्यांना बिस्किटं घालू नका. रस्त्यावर इतर पर्यटक घालताना दिसतील, तरीही नाही. दगडांच्या फटीत तुरुतुरु पळणारा बिनशेपटीचा ‘उंदीर’ दिसला तर तो पायका, सशाच्या नात्यातला.

क्यांग, म्हणजे तिबेटी रानगाढव, बहुधा येता-जाता मोकळ्या मैदानात दिसतं. पाठ तांबूस, पोट पांढरंशुभ्र. गाडीशेजारून ते धावू लागलं की ड्रायव्हरला ‘जरा पळव’ म्हणायचा मोह होतो. आमचे ड्रायव्हर पळवणार नाहीत. आग्रह करू नये. हिमबिबट्याबद्दल दर वेळी विचारलं जातं, म्हणून स्पष्ट सांगतो : या सहलीत तो दिसेल असं धरून येऊ नका. त्यासाठीच्या सहली हिवाळ्यात असतात आणि त्या वेगळ्या.

उरलेलं अन्न काठावर टाकू नका. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात, आणि तीच कुत्री जमिनीवरची घरटी लुटतात. क्रौंचांना हा त्रास मोठा आहे. ड्रोन आणू नका. हा सीमाभाग आहे, आणि पक्षीही बिथरतात.

दुपारी तळ्यावर वारा सुटतो आणि बराच वेळ थांबत नाही. सकाळचं आरशासारखं पाणी मग लाटा मारू लागतं, पक्षी आडोशाला जातात. तेव्हा आपणही खोलीत जावं, झोपावं, पाणी आणि सूप पीत राहावं. ज्यांना अगदीच बसवत नाही त्यांच्यासाठी कोरझोकचा गोम्पा (बौद्ध मठ) आणि गावाखालची सातूची शेतं आहेत. जगातल्या सर्वांत उंचावरच्या शेतींत त्यांची गणना होते. उन्हाळ्यात जवळच्या कुरणांत चांगपा मेंढपाळांचे, याकच्या केसांचे काळे तंबू लागलेले असतात. जायचं असेल तर वाटाड्याबरोबर जा, आणि माणसांचे फोटो विचारून काढा.

सामानाचं थोडक्यात : वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, गॉगल, सनस्क्रीन, घोटा धरणारे बूट. दुर्बीण असेल तर आणाच, ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी) पुरेशी. ओळखपत्र मूळ प्रत हवं. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेडलाही कोरझोकला रेंज धरून चालू नका, घरी आधीच सांगून ठेवा.

सकाळी सहाला निघतो, साडेपाचला चहा तयार असतो. येणार की झोपणार, ते आदल्या रात्री जेवताना सांगा. झोपणाऱ्यांना कुणी उठवणार नाही.