लॉबीतला 'बी' आणि टनांचा हिशेब: लोकल लॉ ८४ आणि ९७ मध्ये गल्लत का होते

न्यूयॉर्कमधल्या मोठ्या इमारतीत शिरताना दाराजवळ एक कागद लावलेला दिसतो. त्यावर इमारतीच्या ऊर्जावापराबद्दल ए, बी, सी, डी यांपैकी एक ठळक अक्षर असतं आणि जोडीला शंभरपैकी गुण. एका को-ऑपच्या, म्हणजे रहिवाशांच्या सहकारी सोसायटीच्या, बोर्डाच्या बैठकीत मी बसलो होतो. लोकल लॉ ९७, म्हणजे इमारतींच्या कार्बनवर मर्यादा घालणारा शहराचा कायदा, याचा विषय निघाला, तेव्हा एक जुने सभासद म्हणाले, "आपल्याला बी मिळालाय. ते दंडाचं प्रकरण डी वाल्यांचं." चारपाच जणांनी माना डोलावल्या आणि विषय पुढच्या महिन्यावर गेला. चूक त्यांची एकट्याची नव्हती. ते अक्षर ज्या माहितीवरून ठरतं ती मागणारा लोकल लॉ ८४ आणि हा ९७, दोन्ही कायदे साधारण २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना लागू होतात, दोन्हींची तारीख १ मे, दोन्हींसाठी मीटरचे तेच आकडे त्याच सॉफ्टवेअरमध्ये भरायचे. मग माणूस एकाच्या निकालावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारच.

लोकल लॉ ८४ हा २००९ चा. तो एवढंच विचारतो, की गेल्या वर्षी इमारतीनं किती वीज, गॅस, तेल, वाफ आणि पाणी वापरलं ते सांगा. सुरुवातीला तो ५०,००० चौरस फुटांवरच्या इमारतींपुरता होता. २०१६ च्या दुरुस्तीनं ती पायरी २५,००० वर आली. आकडे भरायचे ते अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या पोर्टफोलिओ मॅनेजर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. ते सॉफ्टवेअर १ ते १०० मध्ये गुण देतं, आणि हे गुण म्हणजे आपल्याकडच्या प्रवेश परीक्षांचं पर्सेंटाइल समजा. ५० गुण म्हणजे देशभरातल्या तशाच प्रकारच्या इमारतींच्या रांगेत तुम्ही बरोबर मध्यावर. हवामान, वापराचे तास, घरांची संख्या असल्या गोष्टींची सूट आधीच दिलेली असते.

लॉबीतलं अक्षर हा तिसराच कायदा, २०१८ चा लोकल लॉ ३३, पुढच्याच वर्षी सुधारलेला. याच गुणांवरून ८५ पासून पुढे ए, ७० पासून बी, ५५ पासून सी, त्याखाली डी. आकडेच भरले नाहीत तर एफ. डी मिळाला म्हणून कुणी दंड करत नाही. माहिती भरली नाही तर मात्र ५०० डॉलर, पुढच्या प्रत्येक तिमाहीला आणखी ५००, वर्षाला जास्तीत जास्त २,०००. मोठ्या इमारतीच्या खर्चात ही रक्कम कुणाच्या लक्षातही येत नाही.

लोकल लॉ ९७ रांगेबिंगेत पडत नाही. २०१९ चा हा कायदा दर चौरस फुटाला कार्बनची मर्यादा ठरवून देतो आणि ती ओलांडली की वरच्या प्रत्येक टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड. शेजारची इमारत तुमच्यापेक्षा वाईट आहे याचा इथे काहीच फायदा नाही. मर्यादा २०२४ पासून लागू झाली, पहिला अहवाल २०२५ मध्ये होता, आणि २०३० पासून मर्यादा एकदम खाली येते. निवासी इमारतीसाठी २०२४ ते २०२९ या काळात चौरस फुटाला ६.७५ किलो, २०३० ते २०३४ मध्ये साधारण ३.३५ किलो. म्हणजे जवळजवळ निम्मी.

आता एक इमारत घेऊ. आकडे सोपे जावेत म्हणून मी ठरवलेले आहेत, पण गुणक खरे. निवासी इमारत, १,००,००० चौरस फूट. वर्षाला ६०,००० थर्म (हे गॅस मोजायचं एकक) गॅस, मुख्यतः बॉयलरला. वीज १०,००,००० युनिट.

कायद्याप्रमाणे एका थर्मला सुमारे ५.३१ किलो कार्बन. म्हणजे गॅसचे झाले ३१९ टन. विजेच्या एका युनिटला सध्या ०.२८९ किलो, म्हणजे २८९ टन. एकूण ६०८. मर्यादा ६७५. पास, आणि हाताशी ६७ टन शिल्लक. बोर्ड खूश.

२०३० मध्ये याच इमारतीत कुणी एक बल्बही बदलला नाही असं धरा. विजेचा गुणक तोवर ०.१४५ वर येतो, कारण ग्रीडवर स्वच्छ वीज वाढेल असं कायद्यानं गृहीत धरलंय. विजेचे झाले १४५ टन. गॅसचे मात्र ३१९ च, कारण गॅस जाळला की जेवढा धूर आज होतो तेवढाच तेव्हाही होणार. एकूण ४६४ आणि मर्यादा ३३५. १२९ टन जास्त. गुणिले २६८ केलं की वर्षाला सुमारे ३४,५०० डॉलर, दरवर्षी. या ४६४ टनांपैकी जवळपास ६९ टक्के एकट्या गॅसचे आहेत.

याच मीटरांकडे गुण देणारं सॉफ्टवेअर कसं बघतं? त्याला कार्बन मोजायचा नसतो. त्या वापरासाठी मुळात किती इंधन लागलं ते मोजायचं असतं. वीजकेंद्रात बरीच उष्णता वाया जाते, म्हणून मीटरवरची वीज २.८० नं गुणली जाते आणि गॅस फक्त १.०५ नं. असा हिशेब केला तर आपल्या इमारतीत विजेचा वाटा ६० टक्के येतो, गॅसचा ४०. म्हणजे गुण वाढवायचे तर वीज वाचवा, आणि २०३० चा दंड टाळायचा तर बॉयलरकडे बघा. मीटर तेच, उत्तर उलटं. 'बी आहे म्हणजे आपण सुटलो' हे विधान इथेच कोसळतं. गॅसवर चालणारी पण विजेत काटकसरी इमारत चांगलं अक्षर मिरवत दंड भरू शकते.

टोकाचं उदाहरण सांगतो. कुणी बॉयलर काढून घरोघरी साधे विजेचे हीटर बसवले तर? बॉयलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तेवढ्याच उष्णतेसाठी साधारण १४ लाख युनिट लागतील. गुणांच्या हिशेबात ही इमारत धाडकन खाली येईल. पण २०३० च्या गुणकानं त्या विजेचे फक्त २०४ टन होतात, गॅसच्या ३१९ ऐवजी. विजेचं बिल बघून रहिवासी बोर्डाला पळवून लावतील ते वेगळं, म्हणून हा सल्ला नव्हे. बाहेरची उष्णता खेचून आत आणणाऱ्या हीट पंपाला तेवढ्याच कामासाठी साध्या हीटरच्या एक तृतीयांशच्या आसपास वीज लागते, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी बरा ठरतो.

सवलतींबद्दलही हीच गल्लत होते. "सर्टिफिकेट विकत घेऊ की!" असं कुणीतरी म्हणतंच. नूतनक्षम विजेची प्रमाणपत्रं फक्त विजेच्या उत्सर्जनातून वजा होतात, आणि ती वीज न्यूयॉर्क शहराच्या ग्रीडपर्यंत पोचणारी असावी लागते. गॅसच्या ३१९ टनांना त्यांचा स्पर्श होत नाही. मर्यादेच्या दहा टक्क्यांपर्यंत ऑफसेट, म्हणजे दुसरीकडे कमी केलेल्या कार्बनची विकत घेतलेली वजावट, चालतात, पण तेही २०२९ पर्यंतच.

हवामानाचंही तसंच. कडक हिवाळा पडला तर गुणांत त्याची सूट मिळते. ९७ मध्ये नाही. जळालेला गॅस तो जळाला. काठावर पास असलेल्या इमारतीला एक वाईट जानेवारी पुरतो.

आणि क्षेत्रफळ. या एका आकड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. ८४ च्या फाइलमध्ये तो वर्षानुवर्षं तसाच पुढे ढकलला जातो: कुणीतरी कधीतरी मालमत्ता कराच्या कागदावरून उचललेला. तळघर धरलंय का, पार्किंग चुकून मोजलंय का, कुणाला माहीत नसतं. गुणांत त्यानं दोनचार अंकांचा फरक पडला तर कुणाचं काही बिघडत नाही. ९७ मध्ये मात्र मर्यादाच क्षेत्रफळावरून निघते. १,००० चौरस फूट इकडचे तिकडे झाले की ६.७५ टन, म्हणजे सुमारे १,८०० डॉलर. माझ्या मते दोन्ही फायली शेजारी ठेवून पहिली तपासणी करावी ती याच ओळीची.

८४ ची माहिती मॅनेजर, सल्लागार, कुणीही भरू शकतो. ९७ च्या अहवालावर परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टनं जबाबदारी घ्यावी लागते, आणि खोटी माहिती दिली तर दंड ५,००,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. उशिराचा दंडही बघण्यासारखा आहे: चौरस फुटाला महिन्याला अर्धा डॉलर. आपल्या एक लाख फुटांच्या इमारतीला महिन्याला ५०,००० डॉलर! मर्यादा ओलांडल्याचा वर्षभराचा दंड यापेक्षा कमी आहे. '८४ भरलंय ना, मग झालं' म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा.

लोकल लॉ ८७ चं नाव मधूनच कानावर येतं, म्हणून त्याचंही एवढंच: ५०,००० चौरस फुटांवरच्या इमारतींनी दर दहा वर्षांनी ऊर्जा तपासणी करून घ्यायची, आणि कोणत्या वर्षी ते मालमत्ता कराच्या नोंदीतल्या ब्लॉक क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून ठरतं. परवडणाऱ्या घरांच्या काही इमारती आणि प्रार्थनास्थळं यांना ९७ मध्येच वेगळा रस्ता आहे. टनांऐवजी पाइपांना आवरण, रेडिएटरांवर तापमान नियंत्रण अशा १३ ठरावीक कामांची यादी पुरी करता येते. तुमची इमारत त्यात बसते का ते मॅनेजरला विचारा.

त्या को-ऑपच्या पुढच्या बैठकीत मी हाच हिशेब त्यांच्या आकड्यांनी मांडला. गॅसची ओळ बघून ते जुने सभासद बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बॉयलर कधी बसवला होता हो आपण?" सेक्रेटरींनी जुनी फाइल काढायला सांगितली.