ज्यांचा आजार, त्यांचंच संशोधन : एचआयव्ही संस्थांची पार्श्वभूमी

एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आधार देणाऱ्या संस्था आज स्वतः सर्वेक्षणं आखतात, मुलाखती घेतात, विद्यापीठांच्या बरोबरीने निष्कर्ष मांडतात. ही जागा त्यांना कुणी बहाल केलेली नाही. हाताशी वेळच नसलेल्या रुग्णांनी ती मिळवली.

जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली; पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराची ती पहिली अधिकृत नोंद. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये 'गे मेन्स हेल्थ क्रायसिस' आणि लंडनमध्ये 'टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट' उभे राहिले. फोनवर धीर देणं, आजाऱ्याच्या घरी सोबतीला जाणं हे त्यांचं काम. त्या कामातूनच कुणाला काय होतंय, कशाने बरं वाटतंय याची जाण साठत गेली. १९८३ मध्ये डेन्व्हरच्या आरोग्य परिषदेत एड्स झालेल्यांनी व्यासपीठाचा ताबा घेऊन जाहीरनामा वाचला : आम्हाला 'बळी' म्हणू नका आणि निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला जागा द्या.

खरी कसोटी लागली पेंटामिडीनच्या वेळी. एड्सच्या रुग्णांचा जीव घेणाऱ्या न्यूमोनियाला हे औषध वाफाऱ्यातून दिलं तर आळा बसतो, असं काही डॉक्टरांना आपल्या दवाखान्यात दिसत होतं. पण पुराव्याशिवाय शिफारस करायला सरकारी यंत्रणा तयार नव्हती, आणि पुरावा गोळा करायची तिला घाईही नव्हती. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉक्टरांच्या गटाने आणि न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली रुग्ण व डॉक्टरांनी मिळून काढलेल्या 'कम्युनिटी रिसर्च इनिशिएटिव्ह'ने चाचण्या स्वतःच हाती घेतल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणीत ४०८ जण होते. कुणालाही नुसतं प्लासिबो, म्हणजे औषधाचा अंश नसलेली खोटी मात्रा, दिलं नाही. तीन वेगवेगळ्या मात्रांची आपसात तुलना केली. दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम ही मात्रा सरस ठरली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या समुदायातून आलेल्या माहितीच्या बळावर मंजुरी दिली. मरणाच्या दारातल्या माणसाला प्लासिबो देणं योग्य आहे का, हा प्रश्न रुग्णांनी विचारला म्हणून चाचणीची रचना बदलली, आणि तरीही विज्ञान कुठे कमी पडलं नाही. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

ज्यांचा प्रश्न, त्यांनीच संशोधनात उतरावं या विचाराचं मूळ अर्थात जुनं आहे : मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांचं कृतिसंशोधन (बदल घडवता घडवता केलेला अभ्यास), ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे, कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ओरलांदो फाल्स बोर्दा. एचआयव्हीच्या चळवळीने त्याला निकड दिली.

पुढे सरकारंही वळली. १ डिसेंबर १९९४ रोजी पॅरिसमध्ये ४२ देशांनी एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या वाढत्या सहभागाचं तत्त्व मान्य केलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाने अशा संशोधनासाठी वेगळा निधी ठेवला. २००८ पासून अनेक देशांत कलंकाची मोजणी करणारा 'स्टिग्मा इंडेक्स' राबवला जातो, आणि त्यात मुलाखत घेणारेही एचआयव्हीसह जगणारेच असतात.

इथेच अवघड गाठही आहे. मुलाखत घेणारी आणि देणारी एकाच आधारगटात बसत असतील, तर मन लवकर मोकळं होतं. पण ऐकलेलं पोटात ठेवण्याचा भार मुलाखत घेणारीवर येतो आणि जुनी दुःखंही उसळतात. हे काम करणाऱ्यांना बऱ्याचदा प्रकल्पापुरतं मानधन मिळतं, लेखावर नाव मात्र प्राध्यापकांचं. म्हणून जाणत्या संस्था आता पहिली प्रश्नावली छापण्याआधीच लेखी ठरवून घेतात : माहिती कुणाच्या ताब्यात राहील, पैसे कुणाला किती, आणि निष्कर्ष आधी कुणाला सांगायचे.