शिशाचा जननेंद्रियांवरील परिणाम (प्रयोगशाळेतील प्राणी)

शिसे पोटात गेल्यावर वृषण, अंडाशय आणि त्यांना चालना देणाऱ्या ग्रंथींमध्ये होणारे बदल. बहुतेक प्रयोग रॅट व माऊस (मराठीत दोन्ही उंदीरच) यांच्यावर झाले आहेत. ससे व माकडे यांच्यावर कमी.

शिसे बहुधा लेड ॲसिटेटच्या रूपात, पिण्याच्या पाण्यातून दिले जाते. नुसते ‘०.१ टक्का’ लिहून भागत नाही. सजल (ट्रायहायड्रेट) क्षारात शिसे ५४.६ टक्के, तर निर्जल क्षारात ६३.७ टक्के असते. सजल क्षाराच्या ०.१ टक्का द्रावणात लिटरमागे सुमारे ५४६ मिग्रॅ. शिसे येते. २५० ग्रॅमचा रॅट दिवसाला साधारण २५ मिलि. पाणी पितो, म्हणजे त्याच्या पोटात रोज १३ ते १४ मिग्रॅ. शिसे जाते. नळाच्या पाण्यात पांढरा साका बसतो आणि मात्रा बाटलीच्या तळाशीच राहते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात ॲसेटिक आम्लाचे काही थेंब टाकतात आणि ॲसिटेटचा स्वतःचा परिणाम वेगळा काढता यावा म्हणून तुलनेच्या गटाला सोडियम ॲसिटेट देतात. जास्त मात्रेत प्राणी खाणेपिणे कमी करतात. उपासमारीनेही रेताशय व पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी लहान होतात. तेव्हा तुलनेच्या गटालाही तितकेच मोजून खाद्य दिले नसेल, तर या ग्रंथींच्या घटलेल्या वजनाचा दोष शिशाला देता येत नाही.

शिशाचा पहिला घाव कुठे बसतो, हा मुख्य वाद आहे. टेस्टोस्टेरोन घटते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. बिघाड फक्त वृषणात असता, तर खच्ची केलेल्या प्राण्याप्रमाणे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युटरी) ग्रंथीतून एलएच, म्हणजे वृषणाला टेस्टोस्टेरोन बनवायला लावणारे संप्रेरक, वाढायला हवे होते. संशोधक रिबेका सोकोल व सहकाऱ्यांच्या रॅटवरील प्रयोगांत ते तसे वाढले नाही. त्यावरून अधोथॅलॅमस (पोष ग्रंथीला आदेश देणारा मेंदूचा भाग) व पोष ग्रंथी यांच्या पातळीवरील बिघाड पुढे आला. उलट, बशीत वाढवलेल्या लायडिग पेशींना (वृषणातील टेस्टोस्टेरोन बनवणाऱ्या पेशी) शिसे दिले, तर मेंदूचा संबंध नसतानाही त्यांची संप्रेरकनिर्मिती मंदावते. दोन्ही ठिकाणी घाव बसतो, मात्र वृषणातील तूट भरून काढण्याची वरच्या ग्रंथींची क्षमताच कमी पडते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शुक्राणूंमध्ये शिसे डीएनए घट्ट गुंडाळणाऱ्या प्रोटामिन प्रथिनावरील जस्ताची जागा घेते, त्यामुळे डीएनएची घडी नीट बसत नाही, असेही आढळले आहे.

रॅटमध्ये शुक्राणू तयार व्हायला सुमारे ५२ दिवस आणि अधिवृषणातून (वृषणाला चिकटलेल्या नळीतून) पुढे सरकायला आणखी आठवडाभर लागतो. म्हणून ३० दिवसांच्या प्रयोगात संपूर्ण चक्रावरचा परिणाम उमटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे वृषण बुआँ द्रावणात (ऊती टिकवणारे द्रावण) ठेवावे. साध्या फॉर्मॅलिनमध्ये ऊती आकसते, नलिकांमध्ये फटी पडतात आणि नवख्याला तीच इजा वाटते. शिसे मोजायचे असेल, तर दुसरे वृषण लगेच गोठवावे.

किती शिशापासून धोका, याचे मोजमाप दिलेल्या मात्रेपेक्षा रक्तातील शिशावरून करणे बरे. १९९८ च्या एका आढाव्याने माणसात डेसिलिटरला ४० मायक्रोग्रॅमच्या वर शुक्राणूंची संख्या घटत असल्याचे, तर रॅटमध्ये ३० ते ४० च्या वर शुक्राणुनिर्मिती बिघडत असल्याचे नोंदवले. जाती व वंशानुसार हा आकडा बदलतो.

मादीवरचे काम कमी आहे. गर्भावस्थेत शिसे मिळालेल्या रॅट माद्यांमध्ये योनिद्वार (उघडणे ही वयात आल्याची खूण) उशिरा उघडते. अंडाशयात पुटके (अंडी वाढवणाऱ्या पिशव्या) अकाली झडतात. चार-पाच दिवसांचे माजाचे चक्र लांबते. योनिस्राव तपासताना कापसाचा बोळा खोलवर गेला, तर गर्भाशयमुख चाळवून खोटी गर्भावस्था येते आणि जवळजवळ दोन आठवडे काचपट्टीवर पांढऱ्या पेशीच दिसत राहतात. चक्र शिशाने थांबले की बोळ्याने, हे मग नोंदवहीवरून ओळखता येत नाही.