ऑनलाइन राजकीय मत आणि फौजदारी कायदा (आशिया)

सरकार, राजघराणे, न्यायालय किंवा धर्म यांविषयी इंटरनेटवर लिहिलेल्या मजकुरावरून खटला भरता येईल, अशी तरतूद आशियातील बहुतेक देशांत आहे. काय लिहू नये याची यादी सगळीकडे जवळपास सारखीच निघते: राजद्रोह, बदनामी, खोटी बातमी, दुखावलेल्या भावना. खरा फरक मोजणीत असतो. गुन्हे किती झाले, प्रकाशन कोणत्या तारखेचे आणि प्रकाशक कोणाला म्हणायचे, यावर शिक्षा ठरते.

थायलंडच्या दंडसंहितेतील कलम ११२ नुसार राजा, राणी, युवराज किंवा राजप्रतिनिधी यांच्या बदनामीला दर गुन्ह्यामागे ३ ते १५ वर्षे कैद आहे. प्रत्येक पोस्ट हा वेगळा गुन्हा धरता येतो आणि शिक्षांची बेरीज होते. जानेवारी २०२१ मध्ये बँकॉकच्या फौजदारी न्यायालयाने ध्वनिफिती शेअर केल्याच्या २९ आरोपांवर एका माजी सरकारी कर्मचारी महिलेला प्रत्येकी किमान ३ वर्षांप्रमाणे ८७ वर्षांची शिक्षा सुनावली. कबुलीमुळे ती निम्मी, म्हणजे ४३ वर्षे ६ महिने झाली. इतकी सूट मिळत असेल, तर निर्दोष असल्याचा दावा लढवणे हाच मोठा जुगार ठरतो.

चीनमध्ये मोजणी वाचकांची होते. सप्टेंबर २०१३ मधील न्यायिक स्पष्टीकरणानुसार (कायदा कसा लावायचा हे सांगणारा न्यायालयीन दस्तऐवज) बदनामीकारक ठरवलेला मजकूर ५००० वेळा पाहिला गेला किंवा ५०० वेळा पुढे पाठवला गेला, की प्रकरण ‘गंभीर’ होते आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिहितो एक जण, पण गुन्ह्याचा आकडा पुरा करतात ते अनोळखी लोक. हा आकडा कोणी मुद्दाम फुगवला तर काय, ही शंका साहजिकच आहे.

तारखेचा घोळ फिलिपाइन्समध्ये सर्वांत स्पष्ट दिसला. पत्रकार मारिया रेसा यांच्यावर त्यांच्या संकेतस्थळावरील ज्या लेखावरून सायबर बदनामीचा खटला झाला, तो मे २०१२ चा. सायबर गुन्हे कायद्यावर सही झाली सप्टेंबर २०१२ मध्ये. फौजदारी कायदा मागील तारखेने लागू होत नाही, म्हणून खटला टिकायला नको होता. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या लेखातील एका शब्दाचे स्पेलिंग सुधारले होते. ही दुरुस्ती म्हणजे पुनर्प्रकाशन, असे धरून मनिलाच्या न्यायालयाने १५ जून २०२० रोजी त्यांना दोषी ठरवले. जुन्या लेखातील टंकदोष सुधारायलाही माणूस घाबरेल, असा हा अर्थ. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा कायदा उचलून धरताना लाइक किंवा शेअर करणाऱ्यांना मात्र सायबर बदनामीच्या कक्षेबाहेर ठेवले होते.

मलेशियात प्रश्न प्रकाशक कोण हा आहे. पुरावा कायद्यात २०१२ साली घातलेल्या कलम ११४अ मुळे ज्याच्या ऑनलाइन जागेवर मजकूर दिसतो, त्यानेच तो प्रकाशित केला असे गृहीत धरले जाते. तसे नाही, हे त्याने सिद्ध करायचे. न्यायव्यवस्थेवर टीका करणाऱ्या वाचकांच्या पाच प्रतिक्रियांवरून ‘मलेशियाकिनी’ या वृत्तसंकेतस्थळाला फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल ५ लाख रिंगिटचा दंड झाला. पोलिसांनी विचारणा केल्यावर त्या प्रतिक्रिया काही मिनिटांत काढल्या होत्या; त्याचा उपयोग झाला नाही.

सिंगापूरचा २०१९ चा खोट्या मजकुराविरुद्धचा कायदा वेगळ्या घाटाचा आहे. इथे पहिले पाऊल न्यायालय नव्हे, मंत्री उचलतो. दुरुस्ती-आदेश निघाला की मूळ पोस्ट तशीच ठेवता येते, पण तीत खोटे विधान आहे अशी सूचना लेखकालाच लावावी लागते. आधी पाळायचे, मग भांडायचे: दाद त्याच मंत्र्याकडे मागायची, तिथे नकार मिळाला तर उच्च न्यायालयात. आदेश न पाळल्यास व्यक्तीला २०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा १२ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

नाव लपवण्याचा मार्गही सगळीकडे खुला नाही. व्हिएतनामच्या १४७/२०२४ या हुकमानुसार २५ डिसेंबर २०२४ पासून फोन क्रमांकाने किंवा ओळख क्रमांकाने पडताळलेल्या खात्यांनाच पोस्ट करता येते. दक्षिण कोरियाने असाच खऱ्या नावाचा नियम २००७ मध्ये आणला होता. २०११ मध्ये एका सायबर हल्ल्यात सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली आणि २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो नियम रद्द केला.

कायदा रद्द झाला म्हणून तो थांबतोच असे नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असे मोघम शब्द होते आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद झाल्याबद्दलच्या पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली; त्यांपैकी एकीने ती फक्त लाइक केली होती. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवले. तरी पोलीस ठाण्यांत ते लावणे चालूच राहिले. एक साधे कारण असे की छापील कायद्यात कलम जसेच्या तसे होते आणि ते रद्द झाल्याची नोंद फक्त तळटीपेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश देऊन ६६अ खाली कोणावरही खटला चालवू नये, असे सांगावे लागले.

बांगलादेशात कलम गेले, मजकूर उरला. २००६ च्या माहिती व संपर्क तंत्रज्ञान कायद्यातील, ऑनलाइन मजकुरावरून शिक्षा देणारे बदनाम कलम ५७ हटवताना त्यातील बराचसा आशय २०१८ च्या डिजिटल सुरक्षा कायद्यात विखरून आला. २०२३ मध्ये त्याच्या जागी सायबर सुरक्षा कायदा आला आणि २०२५ मध्ये तोही अध्यादेशाने बदलला गेला.